टीव्हीला गेम जोडायचाय? केबल घेण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढा

शहरात नोकरीला असलेला थोरला भाऊ दिवाळीला गावी येताना वापरलेला प्लेस्टेशन घेऊन येतो. घरातली पोरं उड्या मारतात. खोकं उघडलं जातं आणि मग कळतं, घरच्या टीव्हीच्या मागं जी भोकं आहेत त्यात ही वायर बसतच नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तालुक्याला जातं, मोबाईलच्या दुकानात "गेमची वायर द्या" म्हणतं आणि दीडशे-दोनशे रुपये देऊन एक केबल आणतं. टीव्हीवर 'नो सिग्नल'. मग दुसरी केबल. मग "याला कनव्हर्टर लागेल" असं कुणीतरी सांगतं. तिसऱ्या फेरीपर्यंत एसटीचं भाडं धरून बरेच पैसे गेलेले असतात, दिवाळीची सुट्टी संपत आलेली असते आणि गेम काही सुरू झालेला नसतो.

यात दरवेळी दुकानदाराचीच चूक असते असं नाही. 'गेमची वायर' नावाची एक वस्तू बाजारात नाहीच. केबल ठरते ती दोन गोष्टींवरून: गेमच्या मशीनच्या मागं कोणतं भोक आहे आणि टीव्हीच्या मागं कोणतं आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी टीव्ही भिंतीपासून थोडा पुढं ओढा, मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्या पाठीचा आणि कडेचा फोटो काढा. दुसरा फोटो मशीनच्या पाठीचा. भोकाशेजारी लिहिलेली अक्षरं वाचता आली पाहिजेत, एवढ्या जवळून काढा. हे दोन फोटो दाखवले की निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

कोणतं भोक कशाचं?

चपटं, खालचे दोन कोपरे तिरपे कापल्यासारखं भोक म्हणजे एचडीएमआय. आताच्या प्रत्येक एलईडी टीव्हीला ते एक-दोन तरी असतं. चित्र आणि आवाज दोन्ही याच एका केबलमधून जातात.

पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल भोकं म्हणजे एव्ही. डीव्हीडी प्लेअरच्या जमान्यापासून ही सगळ्यांच्या ओळखीची. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून आणि लालमधून डाव्या-उजव्या बाजूचा आवाज. जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमला पुष्कळदा दोनच पिना येतात, पिवळी आणि पांढरी. त्यात काही तुटलेलं नसतं, त्या मशीनचा आवाजच एका बाजूचा असतो.

काही टीव्हींना हिरवं, निळं, लाल आणि शिवाय पांढरं-लाल अशी पाच भोकं असतात. त्याला कॉम्पोनंट म्हणतात. चित्र तीन वायरींत वाटून येतं, त्यामुळं एकट्या पिवळ्या पिनेपेक्षा बरंच स्वच्छ दिसतं. इथं दोन लाल पिना असतात, एक चित्राची, एक आवाजाची. त्यांची अदलाबदल झाली की रंग बिघडतात आणि आवाजाच्या जागी घरघर येते.

बऱ्याच एलईडी टीव्हींवर पिवळं भोक वेगळं दिलेलंच नसतं. हिरव्या भोकालाच पिवळी कड असते किंवा शेजारी 'व्हिडिओ' लिहिलेलं असतं. पिवळी पिन त्याच हिरव्या भोकात घालायची आणि रिमोटवरून सोर्स 'एव्ही' निवडायचा. सोर्स चुकून 'कॉम्पोनंट' राहिला, तर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा दिसतच नाही. लोक टीव्ही बिघडला समजून मेकॅनिकला बोलावतात.

त्याहून डोकं खाणारा प्रकार स्वस्तातल्या छोट्या एलईडीत सापडतो. तिथं तीन भोकांच्या जागी हेडफोनसारखं एकच गोल भोक असतं, त्यावर 'एव्ही इन' लिहिलेलं. त्यात घालायची वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते आणि हमखास हरवलेली असते. बाजारातून दुसरी आणताना पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत का ते बघा. साध्या हेडफोनच्या पिनेला दोनच रेघा असतात, ती चालत नाही. तीन रेघांच्या पिनेतही कोणत्या कड्याला चित्र आणि कोणत्या कड्याला आवाज जोडायचा, हे प्रत्येक कंपनीनं आपल्या मर्जीनं ठरवलंय. त्यामुळं नवी वायर लावल्यावर चित्र आलं नाही, तर लगेच फेकू नका. मशीनची पिवळी पिन एकदा लालमध्ये, एकदा पांढऱ्यात लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. तिन्ही जागी लावूनही नुसती घरघर येत असेल, तर त्या वायरीची जोडणीच वेगळी आहे, बदलून घ्यावी.

जुनं मशीन, नवा टीव्ही

प्लेस्टेशन २ बाजारात आला २००० साली. एचडीएमआयचा पहिला नमुना ठरला २००२ च्या डिसेंबरात. म्हणून प्लेस्टेशन २ च्या मागं एचडीएमआय शोधून सापडणार नाही. त्याला सोनीचं एक लांबट, चपटं भोक आहे, त्यातून तीन पिनांची केबल निघते. हीच केबल प्लेस्टेशन ३ लाही चालते, त्यामुळं घरात एखादी पडून असेल तर टाकू नका.

नव्या टीव्हीला एव्ही भोक असेल, तर या केबलवर गेम चालतो, पण चित्र धुरकट दिसतं. यात दोष केबलचा नाही. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ रेघा असतात आणि पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकत्र कालवून पाठवलेले असतात. फुल एचडी टीव्हीला १०८० रेघा भरायच्या असतात. पोतं अर्धं भरेल एवढंच धान्य आलं, तर ते पसरून टाकावं लागतं, तसं टीव्ही ते चित्र ताणतो. दुकानात सोनेरी पिनेची जाड एव्ही केबल मिळते, तिच्यानं रेघा वाढत नाहीत.

खरा फरक पडतो तो कॉम्पोनंट केबलनं. टीव्हीला पाच भोकं असतील आणि प्लेस्टेशन २ ची कॉम्पोनंट केबल मिळाली, तर तीच घ्यावी. टीव्हीला ती भोकं नसतील, तर प्लेस्टेशन २ च्या भोकात बसणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. त्याच्यासोबत यूएसबीची बारीक वायर येते, ती वीज पुरवायला असते, ती जोडावीच लागते. दोन्हींत मेख एकच आहे. मशीनच्या 'सिस्टीम कॉन्फिगरेशन'मध्ये 'कॉम्पोनंट व्हिडिओ आउट' नावाची ओळ आहे. ती आरजीबीवर असेल तर रंग हिरवे-जांभळे दिसतात किंवा पडदा कोराच राहतो. तिथं 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर' निवडायचं. पडदा कोरा असताना हे सेटिंग दिसणार कसं? म्हणून आधी जुनी पिवळी केबल लावून हे बदलून घ्यायचं, मग नवी केबल किंवा अडॅप्टर लावायचा.

जुना गेम नव्या टीव्हीवर आडवा ताणलेला, माणसं बुटकी-जाडी दिसत असतील, तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ४:३ निवडा. आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा बसतेय असं वाटलं, तर 'गेम मोड' चालू करा. टीव्ही चित्र सुधारायला जो वेळ घेतो, तो त्यानं कमी होतो.

एका गोष्टीला मात्र कोणतीच केबल उपाय नाही. नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवाल्या गेमसोबत पिस्तूल यायचं, बदकं मारायचं. ते पिस्तूल जुन्या काचेच्या टीव्हीचा पडदा ज्या वेळी उजळतो ती वेळ पकडायचं. एलईडी पडद्याचं वागणंच वेगळं आहे. माळ्यावरून ते मशीन काढून नातवंडांना दाखवायचं असेल, तर जुना टीव्हीही माळ्यावरून खाली आणावा लागेल.

नवं मशीन, जुना टीव्ही

सगळ्यांत जास्त पैसे इथं वाया जातात. प्लेस्टेशन ४ ला चित्रासाठी फक्त एचडीएमआय आहे, पिवळी-पांढरी-लाल सोयच नाही. प्लेस्टेशन ५ चंही तसंच. आणि घरात टीव्ही असतो मागं फुगवटा असलेला, तीन भोकांचा.

अशा वेळी दुकानात एक केबल दाखवली जाते: एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना, मधे नुसती वायर. स्वस्त असते, बघितली की वाटतं हीच पाहिजे होती. ही केबल घेऊ नका. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात येतं, पिवळ्या पिनेला ते विजेच्या चढउताराच्या रूपात लागतं. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला मधे चिप लागते आणि चिप चालायला वीज लागते. नुसत्या तांब्याच्या तारेनं ते होत नाही. मशीन चांगलं, टीव्ही चांगला, केबलही नवीकोरी, तरी पडदा काळाच राहणार.

चालतो तो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा कनव्हर्टर. पण तो घेतानाही दिशा बघावी लागते. 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' हे दोन वेगळे डबे आहेत आणि दिसायला जुळे भाऊ. एकाचं काम दुसरा करत नाही, उलटा लावूनही नाही. नवं मशीन जुन्या टीव्हीला जोडायचं तर 'एचडीएमआय टू एव्ही'. जुनं मशीन नव्या टीव्हीला जोडायचं तर 'एव्ही टू एचडीएमआय'. डब्यावरचं नाव पुसट असेल तर कडेचं छोटं बटण बघा. पहिल्यावर बहुधा 'पाल' आणि 'एनटीएससी' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर '७२०' आणि '१०८०'. जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर-खाली पळायला लागलं, तर तेच बटण 'पाल'वर सरकवा.

कनव्हर्टर लावूनही पडदा काळाच असेल, तर आणखी एक कारण असू शकतं. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून एचडीएमआयमधून चित्र कुलूप लावून पाठवतात, त्याला एचडीसीपी म्हणतात. काही कनव्हर्टरना ते कुलूप उघडता येत नाही. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये सिस्टीमच्या सेटिंगमध्ये 'एनेबल एचडीसीपी' बंद करता येतं. गेम चालतात, पण ते बंद असेपर्यंत सिनेमाची ॲप चालत नाहीत. हे सेटिंग करायला एखाद्या शेजाऱ्याच्या एलईडीवर मशीन पाच मिनिटं लावावं लागेल.

इतकं करून चित्र येतं, हे खरं. पण मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली बारीक अक्षरं जुन्या टीव्हीवर वाचता येत नाहीत. क्रिकेट-फुटबॉलमधला स्कोअर नुसता ठिपका वाटतो. गाडी पळवायचे गेम जमतात, वाचायचे गेम जमत नाहीत. पुढं-मागं एलईडी घ्यायचाच असेल, तर कनव्हर्टरचे पैसे त्यात घातलेले बरे. कुणाकडं कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर पडून असेल, तर 'एचडीएमआय टू व्हीजीए' कनव्हर्टरवर तो टीव्हीपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसतो. फक्त आवाजाचं भोक असलेला कनव्हर्टर घ्या, कारण व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट थोडी वेगळी. त्याला एचडीएमआय आणि तीन पिना, दोन्ही चालतात. पण आधीच्या मालकानं ते एचडीएमआयवर वापरलेलं असेल, तर पिवळी केबल लावल्यावर पडदा काळा राहू शकतो. विकणाऱ्यानं फसवलं असं समजून भांडायला जाण्याआधी मशीन बंद करा आणि पॉवरचं बटण दाबून धरा. पहिली 'बीप' वाजली तरी सोडू नका, काही सेकंदांनी दुसरी वाजेपर्यंत धरून ठेवा. चित्राचं सेटिंग मूळ जागी येतं.

एचडीएमआय केबल: शे-दोनशेची की हजाराची?

मशीन आणि टीव्ही दोन्ही एचडीएमआयचे असतील, तर मशीनसोबत खोक्यात आलेली केबल असेल तीच वापरा. नवी घ्यायचा प्रश्न येतो तो सेकंड हँड मशीनसोबत केबल नसली तर.

विहिरीवरची मोटर, पाइपलाइन आणि शेवटी स्प्रिंकलर अशी कल्पना करा. मोटर लहान असेल, तर पाइप सहा इंची टाकूनही पाणी वाढत नाही. इथं मोटर म्हणजे मशीन, स्प्रिंकलर म्हणजे टीव्ही, पाइप म्हणजे केबल. साधा प्लेस्टेशन ४ जास्तीत जास्त १९२० बाय १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा देतो. गावाकडच्या घरांत असलेल्या ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीच्या पडद्यावर बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. या जोडीला 'हाय स्पीड' लिहिलेली साधी केबल पुरून उरते. तिथं 'आठ के'ची केबल लावली तर चित्र तेच राहतं, फक्त खिसा हलका होतो.

४३ किंवा ५५ इंची फोर के टीव्ही आहे आणि प्लेस्टेशन ४ प्रो किंवा ५ आहे, तर 'प्रीमियम हाय स्पीड' पाहिजे. ती सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेते. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल आणि प्लेस्टेशन ५ किंवा नव्या एक्सबॉक्सची पूर्ण ताकद वापरायची असेल, तेव्हाच 'अल्ट्रा हाय स्पीड', ४८ गिगाबिटची. अशा टीव्हीवरही सगळी भोकं सारखी नसतात, शेजारी '४के १२०' लिहिलेल्या भोकातच केबल लावायची.

दुकानात '२.१ केबल', '२.० केबल' असे आकडे सांगतात. ते आकडे मशीनच्या आणि टीव्हीच्या भोकांचे आहेत, केबलचा दर्जा वर दिलेल्या नावांवरून ओळखायचा. प्रीमियम आणि अल्ट्रा केबलच्या पाकिटावर क्यूआर कोड असलेलं चमकतं लेबल असतं. 'एचडीएमआय केबल सर्टिफिकेशन' हे ॲप मोफत आहे, त्यातून स्कॅन केलं की केबल तपासलेली आहे की नाही ते दुकानातच कळतं. लेबल नसलेली केबल 'अल्ट्रा' म्हणून जास्त पैशांना देत असतील तर घेऊ नये.

महाग केबलनं रंग खुलतात, चित्राला धार येते, हा दावा एचडीएमआयच्या बाबतीत चुकीचा आहे. आकडे पोचले की पूर्ण चित्र, नाही पोचले की ठिपके चमकतात, पडदा मधेच काळा होतो किंवा सिग्नल जातो. रंग फिके वाटत असतील, तर टीव्हीचं सेटिंग बघा. ठिपके चमकत असतील, तर केबल खराब आहे किंवा फार लांब आहे. दीड-दोन मीटरमध्ये काम भागत असेल, तर दहा मीटरची घेऊन गुंडाळून ठेवू नये.

टीव्हीला एचडीएमआय एकच आणि त्यात सेट टॉप बॉक्स बसलेला, अशी अडचण बऱ्याच घरांत आहे. बॉक्स साधा एसडी असेल, तर तो तीन पिनांच्या केबलवर हलवा. त्याचं चित्र मुळात जुन्या दर्जाचंच असतं, त्यामुळं फारसं काही बिघडत नाही, आणि एचडीएमआय गेमला मोकळं होतं. खर्च शून्य. बॉक्स एचडी असेल तर 'एचडीएमआय स्विच' घ्या, 'स्प्लिटर' नको. स्विचमध्ये दोन मशीन एका टीव्हीला जोडतात. स्प्लिटरमध्ये एक मशीन दोन टीव्हींना. काउंटरवर दोन्हींना स्प्लिटरच म्हणतात, म्हणून काय जोडायचंय ते सांगून मागा.

भोक जळू नये म्हणून

केबल बदलून मिळते, टीव्हीचं जळलेलं एचडीएमआय भोक बदलून मिळत नाही, कधी कधी आख्खा बोर्ड जातो. गावाकडं याची दोन कारणं वारंवार दिसतात.

पहिलं म्हणजे अर्थिंग. टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या धातूच्या भागाला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव बहुतेकांना आहे. अर्थिंग नसलेल्या घरात असा थोडा करंट उपकरणांच्या बाहेरच्या भागावर राहतो. दोन्ही उपकरणं चालू असताना एचडीएमआय घुसवली की तो केबलमधून वाट काढतो आणि आतली नाजूक चिप जाऊ शकते. म्हणून केबल लावताना किंवा काढताना टीव्ही, मशीन, सेट टॉप बॉक्स, तिन्हींची बटणं बोर्डावरूनच बंद करा. रिमोटनं बंद केलेलं पुरत नाही. झिणझिण्यांऐवजी चांगला झटका बसत असेल, तर गेम राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

दुसरं कारण वळवाचा पाऊस. वीज जवळपास पडली तर दाब डिशच्या वायरमधून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत आणि टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीनमध्ये शिरू शकतो. लोक प्लग काढतात, डिशची वायर तशीच राहते. आभाळ भरून यायला लागलं, गडगडाट अजून लांब आहे तेव्हाच प्लग काढा, बॉक्सच्या मागची डिशची स्क्रूवाली वायर सोडवा आणि मशीनची एचडीएमआयही काढून ठेवा. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र कोणत्याच वायरीला हात लावू नका. परत जोडताना आधी सगळ्या केबल बसवायच्या आणि बोर्डाची बटणं शेवटी चालू करायची.